फुप्फुसावरचा वण आणि त्यावरील इलाज

व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे आले तेव्हा मी बोनसावर किंवा नव्या कामगार-संहितांवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी फुप्फुसाचा विषय सांगितला तेव्हा ते जरा गोंधळले. ‘आपण डॉक्टर नाही,’ असे त्यांनी मोठ्या सौजन्याने मला सुचवले. ते खरेच आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर झाले. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरणाऱ्या माणसाला दोन कागद वाचता यावेच लागतात. एक पगाराची पावती आणि दुसरा डॉक्टरचा दाखला. आज मी बोलणार आहे तो अशाच एका दाखल्यावरील एका शब्दाबद्दल. जे सांगणार आहे ते पुस्तके वाचून आणि छातीच्या विकारांच्या दोन डॉक्टर मित्रांना पुनःपुन्हा छळून मिळवलेले आहे. तेव्हा यातून कोणी आपले औषध आपणच ठरवू नये, एवढे आधीच सांगून ठेवतो.

२०२१ सालच्या एप्रिलात, कोविडची दुसरी लाट भरात असताना, आमच्या युनियनमधला एक जोडारी आजारी पडला. वय चव्वेचाळीस, हाडापेराने मजबूत, विडीकाडीचे व्यसन नाही. सव्वीस दिवस तो इस्पितळात होता. त्यातले बरेचसे दिवस प्राणवायूवर. घरी आला तेव्हा त्याच्या कागदावर शेवटच्या ओळीत ‘फायब्रोसिस’ असा शब्द होता. मी भेटायला गेलो तर त्याच्या बायकोने तो कागद पुढे केला आणि विचारले, “भाऊजी, हे काय लिहिलंय हो? पोरगा सांगतो ते खरं का?” पोरग्याने तो शब्द मोबाइलवर शोधला होता. तिथे त्याला सापडले की या रोगाचा माणूस तीन ते पाच वर्षे जगतो. बापाला कोणी काही सांगितले नव्हते. पण घरातली सगळी माणसे हळू आवाजात बोलू लागली की आजाऱ्याला काय ते कळतेच.

हाच शब्द कारखान्याच्या कचेरीतही पोचला. तिथे त्याचा अर्थ ‘कामास कायमचा निकामी’ असा लावला गेला. आणि नाक्यावरच्या औषधवाल्याने त्याचा तिसरा अर्थ लावला : महिन्याला काही हजारांच्या गोळ्या, आणि त्या बहुधा जन्मभर. एक शब्द, तीन अर्थ, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तिन्ही चुकीचे. का, ते सांगतो.

आपले फुप्फुस म्हणजे हवेचा भाता नव्हे. भात्यात एकच पोकळी असते. फुप्फुसात नळीला नळी फुटत फुटत शेवटी कोट्यवधी इवलाल्या फुगड्या लागतात. त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांची संख्या तीस कोटींहून अधिक भरते. हे सारे वायुकोश उकलून जमिनीवर अंथरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. गिरणगावातील चाळीत एकशेवीस चौरस फुटांची खोली असे. तशा सहा खोल्या भरून थोडे उरेल. एवढा पसारा आपण छातीच्या पिंजऱ्यात घडी घालून ठेवलेला असतो. वायुकोशाच्या एका बाजूस हवा, दुसऱ्या बाजूस केशवाहिनीतले रक्त, आणि मधला पडदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ. त्यातून प्राणवायू रक्तात जातो आणि कर्बवायू बाहेर येतो. पडदा पातळ आहे म्हणून आपण जिना चढू शकतो. तो जाड झाला की हवा छातीत पोचते, पण रक्तात पोचत नाही.

या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. एक पातळ, पसरट, फरशीसारख्या. बहुतेक सगळी जागा त्यांनीच व्यापलेली असते. दुसऱ्या गोल व जाडसर. त्या एक साबणासारखा द्रव तयार करतात आणि त्यामुळे वायुकोशाच्या भिंती मिटून चिकटत नाहीत. पण त्यांचे आणखी एक काम आहे. फरशी फुटली की याच पेशी वाढतात, पसरतात आणि नवी फरशी बनतात. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर त्या फुप्फुसाचे दुरुस्ती खाते होत. कोविडचा विषाणू नेमका या दुसऱ्या जातीच्या पेशींत शिरतो. म्हणजे यंत्र मोडले आणि त्याच दिवशी जोडारीही आजारी पडला, असा हा प्रकार आहे.

आजार तीव्र झाला की पडदा फुटतो, वायुकोशांत पाणी आणि रक्तातील चिकट द्रव्ये शिरतात, माणसाला धाप लागते. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून दुरुस्ती सुरू होते. आता घर दुरुस्त करायचे तर आधी परांची बांधावी लागते. फुप्फुसातही तसेच घडते. तंतू विणणाऱ्या पेशी तिथे जमतात आणि कोलॅजन नावाच्या चिवट द्रव्याचे धागे टाकतात. त्या आधाराने नवी फरशी बसते. काम झाले की शरीर स्वतःच ते धागे विरघळवते, परांची उतरते. काही जणांत मात्र जखम इतकी खोल असते, किंवा दुरुस्ती खाते इतके खिळखिळे झालेले असते, की परांची उतरतच नाही. तिच्यावर आणखी धागे पडत जातात, ती आवळते आणि कायमची होते. तो खरा वण. इन्फ्लुएन्झा असो, २००२-०३ चा सार्स असो की कोविड असो, विषाणू निराळा असला तरी दुरुस्तीची ही रीत एकच आहे.

आता माझ्या जोडाऱ्याचा सीटीचा फोटो काढला तो आजाराच्या चौथ्या आठवड्यात. दुरुस्ती ऐन रंगात असताना इमारतीचा फोटो काढला तर त्यात परांचीच दिसणार. ती पाहून ‘ही इमारत बांबूंची आहे’ असे म्हणणे जितके शहाणपणाचे, तितकाच तो शेवटचा शब्द शहाणपणाचा होता. घाई झाली होती, इस्पितळात त्या दिवसांत खाटांसाठी रांगा होत्या, फोटो वाचणाऱ्याने रात्रभरात शेकडो फोटो वाचले असतील; त्याला मी दोष देत नाही. पण कागद कामगाराच्या हातात राहिला.

त्या काळात महाराष्ट्रात घरोघर ‘स्कोअर किती’ हा प्रश्न विचारला जात होता, हे आपणांस आठवत असेल. पंचवीसपैकी अठरा, पंचवीसपैकी बावीस. शाळेतल्या गुणांसारखे लोक ते सांगत. तो आकडा फुप्फुसाचा किती भाग त्या वेळी सुजला आहे एवढेच सांगतो. पुढे किती भागावर वण राहील हे तो सांगत नाही. वण ओळखण्याच्या खुणा वेगळ्या. दुधी काचेसारखा धूसर डाग दिसला तर ती बहुधा सूज किंवा चालू दुरुस्ती, ती विरते. बारीक जाळी दिसली तर थांबून पाहायचे. वणाच्या ओढीने श्वासनलिका ताणून रुंद झाल्या असतील, किंवा मधाच्या पोळ्यासारखी घरे पडली असतील, तर ते मात्र परत फिरणारे नव्हे. म्हणून जाणते डॉक्टर तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढतात आणि जुना व नवा शेजारी शेजारी लावून पाहतात. माझी सर्वांना विनंती आहे की जुने फोटो आणि त्यांच्या तबकड्या फेकू नका.

किती जणांचे फोटो सुधारतात? चीनमधील वूहान शहरात, जिथे ही साथ प्रथम उसळली तिथे, तीव्र कोविडमधून उठलेल्या पण कृत्रिम श्वसनयंत्राची पाळी न आलेल्या ८३ रुग्णांवर वर्षभर नजर ठेवण्यात आली. तीन महिन्यांनी सुमारे ७८ टक्क्यांच्या फोटोत काही ना काही दोष होता. वर्षानंतर तो २४ टक्क्यांच्या फोटोत उरला. वायू रक्तात उतरवण्याची शक्ती मात्र वर्षानंतरही ३३ टक्क्यांत कमीच होती. याचा अर्थ, बहुतेकांचे बहुतेक सुधारते. पण सर्वांचे सगळे सुधारते असे नाही. जे श्वसनयंत्रावर राहिले त्यांच्यात वण राहण्याचा संभव अधिक, आणि वय वाढलेल्यांतही अधिक.

त्याहून लांबचा हिशेब पेकिंगचा आहे. २००३ च्या सार्सच्या साथीत तिथल्या एका इस्पितळातील कर्मचाऱ्यांनाच रोग लागला. म्हणजे तेही कामावर असताना आजारी पडलेले कामगारच होते. युनियनच्या माणसाला ही गोष्ट विसरता येत नाही. त्यांतील ७१ जणांची पंधरा वर्षे तपासणी झाली. फुप्फुसाचा बाधित भाग २००३ साली सरासरीने ९.४ टक्के होता, २००४ साली तो ३.२ टक्के झाला, आणि २०१८ साली ४.६ टक्के होता. पहिल्या वर्षात जी सुधारणा व्हायची ती झाली, पुढे जवळजवळ तिथेच थांबली. पण मोबाइलने सांगितल्याप्रमाणे वण वाढत वाढत जाऊन त्याने माणसाला गिळले, असे झाले नाही.

मग ते तीन ते पाच वर्षांचे काय? तो आकडा एका वेगळ्याच रोगाचा आहे. कारण न सापडणारा, बहुधा साठीच्या पुढे येणारा, आपोआप वाढत जाणारा असा एक फुप्फुसाचा वण आहे. त्याचे आडनावही फायब्रोसिसच. एकाच आडनावाची दोन माणसे. एक दरोडेखोर म्हणून दुसऱ्यालाही तुरुंगात टाकावे काय?

आणि तिसराही एक भाऊ आहे, त्याला आम्ही चांगले ओळखतो. माझे वडील गिरणीत होते. कापसाच्या धुळीने त्यांच्या खात्यातील माणसांची छाती कशी सोमवारी आवळून येई, ते मी लहानपणी पाहिले आहे. पुढे मी स्वतः दगडखाणीतील कामगारांत काम केले. दगडाची बारीक भुकटी फुप्फुसात गेली की ती बाहेर पडत नाही. शरीराच्या पेशी तिला खायला जातात आणि स्वतःच मरतात, पुन्हा नव्या पेशी येतात, पुन्हा मरतात, आणि माणसाने खाण सोडली तरी वण वाढत राहू शकतो. त्याला सिलिकोसिस म्हणतात. विषाणूचे तसे नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर त्याला हाकलून देते. मारेकरी पळून गेलेला असतो आणि राहते ती फक्त जखम. धूळ राहते, विषाणू जातो. या एका फरकामुळे विषाणूच्या वणाला बरे होण्याची जी संधी मिळते ती माझ्या खाणीतल्या मित्रांना कधीच मिळाली नाही. मी हा विषय निवडला त्यातही एक कारण हे आहे. ज्या आजारातून माणूस उठू शकतो त्यात त्याला आपण उठू देत नाही, याची मला चीड आली.

आता इलाजाकडे वळू. खरा पहिला इलाज वण पडण्याच्या आधीचा आहे. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर एक प्रयोग झाला. श्वसनयंत्राने दर श्वासाला मोठी हवा भरण्याऐवजी जवळजवळ निम्मी भरली, तर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. आजारी फुप्फुसाला जोराने फुगवले तर जे फाटायचे राहिले आहे तेही फाटते, हे त्यातून कळले. दुसरी गोष्ट २०२० सालच्या जूनमधली. इंग्लंडमधील ‘रिकव्हरी’ नावाच्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन हे जुने, अगदी स्वस्त स्टेरॉइड दिवसाला सहा मिलिग्राम, जास्तीत जास्त दहा दिवस दिले. श्वसनयंत्रावर असलेल्यांतील मृत्यू एक-तृतीयांशाने घटले, नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांतील एक-पंचमांशाने. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. तरीही त्यांतल्या कितीतरी लोकांनी ते घरी बसून घेतले. साखरेचे दुखणे असलेल्या माणसांना पुढे २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने गाठले; त्यात या अनिर्बंध स्टेरॉइडचा मोठा हात होता.

आजार सरल्यावर पुढे काय? एक मधली अवस्था असते. परांची उतरायची थांबली आहे पण अजून वण झालेला नाही. वायुकोशांत अर्धवट दुरुस्तीचा राडारोडा साचून राहिला आहे. ही अवस्था स्टेरॉइडला दाद देऊ शकते. लंडनमध्ये घरी गेलेल्या ८३७ रुग्णांची तपासणी केली तेव्हा ३५ जणांत असा दीर्घकाळ टिकलेला दाह सापडला. तीस जणांना तीन आठवडे प्रेडनिसोलोन दिले आणि त्यांची श्वसनशक्ती चांगली सुधारली. पण त्यांच्या तुलनेला औषध न दिलेले लोक नव्हते. नुसत्या काळानेच किती सुधारले असते, हे त्यातून सांगता येत नाही.

या ठिकाणी आपल्याच देशातील डॉक्टरांनी एक मोलाचे काम केले. चंडीगढच्या सरकारी वैद्यकीय संस्थेत अशाच १३० रुग्णांचे दोन गट पाडले; एका गटाला रोज चाळीस मिलिग्रामपासून सुरू करून उतरत्या मात्रेने प्रेडनिसोलोन, दुसऱ्याला फक्त दहा मिलिग्राम. सहा आठवड्यांनी फोटो पूर्ण साफ झाले ते पहिल्या गटात सोळा जणांचे, दुसऱ्यात बारा जणांचे. हा फरक इतका थोडा की तो योगायोगाचाही असू शकतो. म्हणजे द्यायचेच ठरले तर मोठ्या मात्रेने काही विशेष साधत नाही. उलट पेकिंगच्या ज्या कर्मचाऱ्यांची गोष्ट मी सांगितली, त्यांतल्या कित्येकांना त्या काळी स्टेरॉइडच्या प्रचंड मात्रा दिल्या होत्या. फुप्फुसे सावरली, पण खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताविना मृत झाला आणि ती माणसे पुढे लंगडत चालली. शिवाय आपल्याकडे क्षय घरोघर आहे. स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी तो नाही ना, हे पाहिलेच पाहिजे.

औषधवाल्याच्या गोळ्यांचा प्रश्न राहिला. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही ती दोन औषधे. मी ज्याला दरोडेखोर म्हटले त्या वाढत्या वणासाठी ती निघाली. अमेरिकेत २०१४ साली दोघांनाही परवानगी मिळाली. ती काय करतात ते नीट समजून घेतले पाहिजे. २०१९ साली वाढत्या वणाच्या इतर प्रकारांवर निन्टेडॅनिबची मोठी चाचणी झाली. वर्षभरात औषध न घेणाऱ्यांची श्वासाची क्षमता सुमारे १८८ मिलिलिटरने घटली, औषध घेणाऱ्यांची ८१ मिलिलिटरने. पाहा, घटली दोघांचीही. औषधाने घसरणीचा वेग कमी केला. आधी पडलेला वण त्याने पुसला नाही. ते त्याचे कामच नव्हे. मग ज्या माणसाचा वण वाढतच नाही, उलट महिन्यागणिक ओसरतो आहे, त्याची कोणती घसरण हे औषध थांबवणार? एकाने जुलाब लागतात, दुसऱ्याने मळमळ होते आणि उन्हात अंग भाजते. दोघांतही यकृतावर नजर ठेवावी लागते. तीन-चार तपासण्यांत वण खरोखर वाढत आहे असे दिसले, तर ही औषधे तज्ज्ञाने जरूर द्यावीत आणि ती परवडावीत म्हणून आपण भांडावे. पण इस्पितळातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत ती टाकणे हा निव्वळ भीतीचा व्यापार झाला.

मग करायचे काय? प्रथम मोजायचे. बोटाला लावायचे ते यंत्र, ऑक्सिमीटर, आता सर्वांना ठाऊक आहे. त्यामागची युक्ती १९७० नंतरच्या दशकात ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने काढली. तो २०२० च्या एप्रिलात वारला, साऱ्या जगाने त्याचे यंत्र बोटाला लावले त्याच दिवसांत. बसून मोजलेला आकडा पुरेसा नसतो. सहा मिनिटे सपाट जागी आपल्या चालीने चालायचे, किती मीटर झाले आणि आकडा कुठवर उतरला ते लिहायचे. माझ्या जोडाऱ्याचा बसून एक्क्याण्णव असे आणि संडासापर्यंत जाऊन आला की चौऱ्याऐंशी. बसलेल्या स्थितीतही आकडा अठ्ठ्याऐंशी वा त्याखाली राहत असेल तर घरी प्राणवायू लागतोच. चालताना उतरत असेल तर डॉक्टर चालण्यापुरता देतात. तो लागला म्हणजे कायमचा जडला, अशी एक भीती लोकांत आहे. ती खोटी आहे. आमच्याने अडीच महिन्यांत ते भाड्याचे यंत्र परत केले.

धाप लागते तेव्हा ती प्रत्येक वेळी वणामुळेच लागते असेही नाही. महिनाभर खाटेवर पडलेल्या माणसाच्या मांड्या आटतात. आटलेले स्नायू थोड्या कामाला जास्त हवा मागतात. रक्त कमी असू शकते, हृदय थकलेले असू शकते. आणि या रोगात रक्ताच्या गुठळ्या होऊन फुप्फुसाच्या वाहिन्यांत अडकतात, ते तर डॉक्टरने मुद्दाम शोधलेच पाहिजे, कारण त्याचा इलाज निराळा आहे.

मांड्यांचा इलाज म्हणजे व्यायाम. इस्पितळातून निघताना तीन रंगीत चेंडूंचे एक खेळणे हाती देतात, त्यावर बरेच लोक समाधान मानतात. ते खोल श्वासाची आठवण राहावी एवढ्यापुरते ठीक आहे. पाय हलल्याशिवाय माणूस उठत नाही. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, शीळ घालताना करतो तसे ओठ करून त्याच्या दुप्पट वेळाने सोडायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचे, बसायचे. प्रथम पाच वेळा, मग दहा. मग चालायचे, आकडा डॉक्टरने घालून दिलेल्या मर्यादेखाली उतरला की थांबायचे, वर आला की पुन्हा चालायचे. ब्रिटनमध्ये इस्पितळातून घरी गेलेल्या, पण महिनोन्महिने बरे न वाटणाऱ्या ५८५ माणसांवर याची चाचणी झाली. अर्ध्यांना आठ आठवडे घरबसल्या, पडद्यावरून, गटागटाने व्यायाम आणि मनाला उभारी शिकवली. त्यांचे जगणे इतरांपेक्षा सुधारले आणि वर्षानंतरही ती सुधारणा टिकली. गटाने, ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली. एकटा माणूस दुसऱ्याच दिवशी कंटाळतो.

आम्ही युनियनच्या कचेरीबाहेरच्या गॅलरीत खडूने पंधरा मीटर आखले. संध्याकाळी पाच-सात जण जमत. फेऱ्या मोजणारा दुसरा, घड्याळ पाहणारा तिसरा. सहा आठवड्यांनी जोडारी सहा मिनिटांत दोनशे दहा मीटर चालला, मध्ये दोनदा भिंत धरून. तीन महिन्यांनी तीनशे चाळीस. तिसऱ्या महिन्याच्या फोटोत दुधी डाग निम्म्याहून अधिक विरले होते. डॉक्टरांनी त्याला स्टेरॉइड दिले नाही, गोळ्या दिल्या नाहीत. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस दिली, आणि घरातली चूल बंद करायला सांगितली. बायको पाणी तापवायला मागच्या बाजूला लाकडे जाळीत असे, ते कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

क्वचित एखाद्याचे फुप्फुस खरोखरच संपते. त्याच्यासाठी शेवटचा उपाय फुप्फुस बदलण्याचा. २०२० च्या जूनमध्ये शिकागोत डॉ. अंकित भरत यांनी कोविडने फुप्फुसे गेलेल्या एका तरुण स्त्रीला दोन्ही फुप्फुसे बसवली. फुप्फुस देणारा मिळणे, खर्च, जन्मभराची औषधे, हे सारे पाहता आमच्या वर्गाला तो मार्ग जवळजवळ बंदच आहे, आणि ते मी आढेवेढे न घेता सांगतो. पण तिथेही सुधारण्याला पुरेसा वेळ दिल्याखेरीज निर्णय घेत नाहीत.

वेळ. या रोगाचे खरे औषध हेच आहे, आणि कामगाराला ते बाजारात मिळत नाही. फुप्फुसाला दुरुस्तीला सहा महिने ते वर्ष लागते; कामगाराच्या घरातले धान्य महिन्याचे असते. म्हणून तो सातव्या आठवड्यात कामावर उभा राहतो, ग्राइंडिंगच्या धुळीत किंवा वेल्डिंगच्या धुरात, आणि अर्धवट बसलेल्या फरशीवर नवी राख पडते. कामगार विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वेतनाच्या सत्तर टक्के, वर्षात एक्क्याण्णव दिवस मिळतो. तेवढे पुष्कळांना ठाऊक असते. पण लांबणाऱ्या काही ठरावीक रोगांसाठी पुढेही ऐंशी टक्के भत्ता मिळू शकतो, सारे मिळून दोन वर्षांपर्यंत, आणि त्या रोगांच्या यादीत फुप्फुसाच्या पडद्याचे विकार, ज्यांना ‘इंटरस्टिशियल लंग डिसीज’ म्हणतात, ते आहेत. नोकरी सलग दोन वर्षे झालेली हवी आणि वर्गणीचे दिवस भरलेले हवेत. आता गंमत अशी की जो शब्द वाचून कारखान्याने माणसाला निकामी ठरवले, तोच वर्गातला शब्द विमा दवाखान्याच्या कागदावर नीट लिहून आला तर त्याला बरे होण्याइतका अवधी मिळतो. कंत्राटी कामगारांची नावे मात्र पुष्कळदा विम्यात घातलेलीच नसतात. त्यांच्यासाठी हे सगळे व्याख्यान व्यर्थ आहे, आणि ते मला टोचते.

कारखान्याशी आमच्या तीन बैठका झाल्या. व्यवस्थापक पूर्ण तंदुरुस्तीचा दाखला मागत होते. तो नाही तर राजीनामा. आम्ही त्यांच्यापुढे दोन्ही फोटो आणि गॅलरीतल्या फेऱ्यांची वही ठेवली. शेवटी असे ठरले की साडेपाच महिन्यांनी त्याने हत्यारांच्या कोठारात नोंदवहीवर बसावे, दिवसपाळीत, तळमजल्यावर. चार महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि मगच मूळचे काम. वेतन तेच. वर्षाने तो सहा मिनिटांत चारशे सत्तर मीटर चालला, आकडा त्र्याण्णवच्या खाली गेला नाही. फोटोत दोन्ही बाजूंना तळाशी काही रेघा राहिल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, त्या राहणार. कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे. दुसऱ्या मजल्यावर तो अर्धा मिनिट थांबतो. त्याचा मुलगा आता आमच्या गॅलरीत फेऱ्या मोजायला येतो, कारण नवी माणसे अजूनही येतात. गेल्या पावसाळ्यात फ्लूने श्वसनयंत्रावर गेलेला एक लूमवाला आला आहे, आणि त्याच्याही कागदावर तोच शब्द आहे.